वायू बदलला, सवय कधी बदलणार?

उन्हाळ्याची चाहूल लागली की शहरांतील घराघरांतून एकच वाक्य ऐकू येते, 'एसीतला गॅस संपला आहे, भरून घ्यायला हवा.' मिस्त्री येतो, सिलिंडर जोडतो, पैसे घेतो आणि जातो. पुढच्या वर्षी पुन्हा तोच प्रकार. वस्तुत: शीतयंत्र ही बंदिस्त रचना आहे. त्यातील शीतक वायू पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो त्याच चक्रात फिरत राहतो. तो कमी झाला, याचा अर्थ कोठेतरी गळती आहे. ती न शोधता नवा वायू भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतत राहणे होय.

या निष्काळजीपणाची किंमत केवळ आपल्या खिशाला मोजावी लागत नाही. क्लोरोफ्ल्युरोकार्बन वायू ओझोनच्या थराचा नाश करतात, हे मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४मध्ये दाखवून दिले. १९८७मध्ये मॉन्ट्रियल करार झाला, १९९२मध्ये भारत त्यात सहभागी झाला आणि २०१०पर्यंत आपण या वायूंना निरोप दिला. जगाने एकत्र येऊन संकट मागे हटवल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. मात्र त्यांची जागा घेणारा आर-२२ हाही निर्दोष नव्हता. ओझोनला त्याचा उपद्रव कमी, परंतु उष्णता धरून ठेवण्याची त्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १८०० पट आहे. २०३०पर्यंत तोही जवळजवळ हद्दपार करायचा आहे. त्यानंतर आलेला आर-४१०ए ओझोनला धक्का लावत नाही, पण उष्णतेच्या बाबतीत तो २००० पटींच्या घरात जातो. म्हणूनच २०१६मध्ये किगाली येथे दुरुस्ती झाली. भारताने २०२१मध्ये तिला मान्यता दिली असून २०४७पर्यंत अशा वायूंचा वापर ८५ टक्क्यांनी घटवण्याचे बंधन स्वीकारले आहे.

येथेच खरी कसोटी आहे. जुना वायू काढून हाती येईल तो नवा वायू भरला, असे चालत नाही. आर-२२ची यंत्रे खनिज तेलावर चालतात. आर-४१०एला कृत्रिम तेल लागते आणि त्याचा दाब दीडपटीहून अधिक असतो. जुन्या यंत्राची घडण त्यासाठी नसते. आर-४०७सी हा दाबाच्या दृष्टीने आर-२२च्या जवळचा, पण त्यासाठीही तेल बदलावे लागते, ड्रायर नवा बसवावा लागतो आणि व्हॅक्युम पंपाने नळ्यांतील हवा व ओलावा काढून टाकावा लागतो. प्रोपेन म्हणजे आर-२९० हा पर्यावरणाच्या दृष्टीने उत्तम, पण ज्वालाग्राही. त्यासाठीच घडवलेल्या यंत्रात तो सुरक्षित. जुन्या यंत्रात भरणे म्हणजे घरात आगीला आमंत्रण.

तरीही या मार्गाची भीती बाळगण्याचे कारण नाही. गोदरेजने २०१२च्या सुमारास प्रोपेनवर चालणारी वातानुकूलन यंत्रे भारतात बाजारात आणली. घरगुती फ्रीजमध्ये आयसोब्युटेन रुळला आहे. अनेक नवी कृत्रिम शीतके परदेशी कंपन्यांच्या पेटंटखाली आहेत. प्रोपेन, आयसोब्युटेन, अमोनिया हे निसर्गात आढळणारे पदार्थ मात्र कोणाच्या मालकीचे नाहीत. परावलंबन टाळू पाहणाऱ्या देशाने या फरकाकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही.

प्रश्न उरतो तो माणसांचा. उन्हातान्हात गच्चीवर चढून काम करणारा मिस्त्री बहुधा पाहून पाहून शिकलेला असतो. २०१९च्या भारतीय शीतलीकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले, ते याच जाणिवेने. परंतु शिकलेल्या मिस्त्रीला योग्य मोबदला देण्याची तयारी ग्राहकाची नसेल, तर प्रशिक्षण कागदावरच राहील. गळती शोधणे, जुना वायू हवेत न सोडता सिलिंडरमध्ये परत भरून घेणे, यांना वेळ लागतो. दोनशे रुपये वाचवण्यासाठी आपणच ते टाळायला लावतो.

तेव्हा या उन्हाळ्यात मिस्त्री घरी आला की तीन प्रश्न आवर्जून विचारावेत. गळती कोठे आहे? यंत्रावरील पाटीवर कोणता वायू लिहिला आहे? जुना वायू कोठे जाणार? करार सरकारे करतात. ते पाळले जातात ते घराघरांत.