पणजोबांचा कागद कुठे आहे? सिंधुदुर्ग आणि चार दप्तरे

#धागा
मालवणच्या माणसाला पणजोबांच्या वडिलांचे नाव कागदावर हवे असले, की तो प्रथम ओरोसला जातो. जिल्ह्याचे मुख्यालय तिथे आहे. पण सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला १ मे १९८१ रोजी. त्याआधी हा सारा प्रदेश रत्नागिरी जिल्ह्यात मोडत होता, आणि पणजोबांच्या हयातीत ‘सिंधुदुर्ग’ हे फक्त किल्ल्याचे नाव होते. कागद सत्तेच्या मागोमाग जातो, आणि या किनाऱ्यावर सत्ता फार वेळा बदलली. (१/८)

देवगडकडचा विजयदुर्ग १७५६ पर्यंत तुळाजी आंग्र्यांकडे होता. इंग्रजांनी तो जिंकून त्याच वर्षी पेशव्यांच्या हवाली केला. पुढे १८१८ पर्यंत तिथे पेशव्यांचे आरमार होते. मालवण आणि सिंधुदुर्ग किल्ला करवीरकर छत्रपतींचे. ते १८१२ च्या तहाने इंग्रजांकडे गेले. वेंगुर्ले सावंतवाडीकर भोसल्यांचे. तेही १८१२ सालीच कंपनीला मिळाले. शेजारचे कुडाळ मात्र सावंतवाडी संस्थानातच राहिले, ते थेट स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन होईपर्यंत. (२/८)

म्हणून शोधाचा पहिला प्रश्न आडनावाचा नसावा. ‘त्या साली आपले गाव कोणाच्या अमलाखाली होते?’ हा असावा. १८१२ पूर्वीच्या मालवणसाठी कोल्हापूरचे पुराभिलेखागार, विजयदुर्गाच्या परिसरासाठी पुण्याचे पेशवे दप्तर, कंपनी सरकारच्या पत्रव्यवहारासाठी मुंबईचे अभिलेखागार. चौथे दप्तर पणजीचे. १५९५ पासूनची परंपरा सांगणारे ते अभिलेखागार सिंधुदुर्गातील अभ्यासकांच्या मनात सहसा येतच नाही. वास्तविक पेडणे महाल १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांचाच होता, आणि तेरेखोलच्या दोन्ही काठांवर सोयरिकी आजही आहेत. (३/८)

दप्तरात गेल्यावर दुसरी अडचण मोडीची. तिच्याइतकाच घोटाळा नावांचा. जुन्या कागदात आडनाव पुष्कळदा नसतेच. माणूस स्वतःच्या आणि बापाच्या नावाने, गावाने, वतनाने किंवा धंद्याने ओळखला जातो. गाव, महाल आणि साल हाताशी नसेल, तर रुमालांच्या राशीपुढे नुसते आडनाव सांगून काही हाती लागत नाही. (४/८)

इथे एका मोहाविषयी बोलले पाहिजे. घराण्याचा शोध घेणाऱ्या बहुतेकांना पूर्वज किल्लेदार निघावा असे वाटते. कर्जदार निघावा असे कोणालाच वाटत नाही. पण घराण्याचा मोठेपणा सांगणारी कैफियत अनेकदा वतनाच्या दाव्यासाठी लिहिलेली असते, म्हणजे तिचा लेखक पक्षकार असतो. कर्जरोख्यात फुशारकीला जागा कमी. तिथे नाव, रक्कम, मिती आणि साक्षीदार मिळतात, आणि तो कागद अधिक भरवशाचा. (५/८)

शिवाय राजदप्तरांत सगळी घरे सापडत नाहीत. खोताचे नाव मानाने येते. त्याच्या हाताखालचे कूळ बाकी थकली किंवा तंटा झाला तरच दिसते. गाबिताची होडी जकातीपुरती दिसते, तिच्यावरची माणसे क्वचितच. स्त्रिया तर वारसाच्या वादाखेरीज जवळजवळ नाहीतच. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. दप्तरातली उतरंड आहे तशीच आहे. (६/८)

सामान्य घराचा पुरावा असतो तो तहसीलच्या अभिलेख कक्षात आणि गावच्या शाळेत: जन्ममृत्यूचे कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना १४, फेरफार, शाळेचे जनरल रजिस्टर. त्यावर मुलामुलींचे प्रवेश अवलंबून असतात. जातीच्या दाखल्यासाठी इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, तर विमुक्त जाती-भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात, दमटपणात आणि वाळवीत तेवढे एक पान गेले, तर आजोबांचे आयुष्य खरे असूनही नातीचा अर्ज अडतो. (७/८)

२०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभर जुनी दप्तरे उघडली, मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली. जे काम आंदोलनामुळे झाले, ते दप्तराचे नित्यकर्म असायला हवे होते. राजांच्या रुमालांचे जतन होते ते योग्यच. पण तालुक्याची रजिस्टरे त्यांच्याइतकीच जपण्याजोगी आहेत, किंबहुना आधी जपण्याजोगी, कारण त्यांची दुसरी प्रत सहसा नसते. त्यांची छायाचित्रे घ्यावीत, गाववार सूची करावी, सूचीत जुन्या महालांची नावेही द्यावीत. कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि पणजीतल्या या किनाऱ्याविषयीच्या कागदांची एक यादी ओरोसला ठेवावी. आणि ती वाचून दाखवणारा एक मोडी जाणकार तिथे पगारावर असावा. मालवणहून कोल्हापूरला जायचे तर घाट चढावा लागतो आणि एका दिवसाची मजुरी बुडते. (८/८)