कोकणात उतरताय? ऊन येऊ द्या, मग निघा

थंडीच्या दिवसांत मोटारसायकलवरून घाट उतरून कोकणात जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती आहे. पहाटे घाटात शिरू नका. ‘लवकर निघू, रस्ता मोकळा मिळेल’ हा हिशेब देशावरच्या सरळ रस्त्याला ठीक आहे. आंबेनळी, वरंध, कुंभार्ली, आंबोली इथे तो अंगाशी येतो.

हे घाट सह्याद्रीच्या पश्चिम अंगाला आहेत, त्यामुळे सकाळी सूर्य डोंगराआड असतो. महाबळेश्वरात लख्ख ऊन पडलेलं असतं, तेव्हा आंबेनळीतली कितीतरी वळणं सावलीतच असतात. रात्रीचं दव डांबरावर तसंच, त्यावर ओला पाचोळा, कडेची खडी, कुठे ट्रकमधून सांडलेलं डिझेल. कोरड्या वळणाच्या भरवशावर त्याच वेगात तिथे आलात आणि गाडी कललेली असताना पुढचा ब्रेक दाबलात, तर सावरायला वेळ मिळत नाही. वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना.

थंडी हातांवरही येते. हवा 10 अंश असेल आणि गाडी ताशी 60च्या वेगात असेल, तर उघड्या अंगाला ती 5 अंशांसारखी झोंबते. बोटं बधिर झाली की ब्रेक उशिरा दाबला जातो, आणि ताशी 40च्या वेगातसुद्धा एका सेकंदात गाडी 11 मीटर पुढे गेलेली असते. लोकरीच्या हातमोज्यांतून वारा आत शिरतो, चामड्याचे घ्या. जाकिटाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवण्याचा जुना उपाय आजही उत्तम आहे.

एक गोष्ट फार दिसते, म्हणून मुद्दाम लिहितो. कानटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही म्हणून लोक पट्टा न लावताच निघतात. गाडी पडली की असं हेल्मेट डोक्याआधी निघून जातं. कानटोपी काढा, गळ्याला रुमाल बांधा, पट्टा आवळा. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवंच, कायद्यानेही आणि जिवासाठीही. शालीचं किंवा ओढणीचं टोक लोंबत असेल तर निघण्याआधी ते खोचून घ्यायला सांगा. ते मागच्या चाकात गेलं की माणूस रस्त्यावर खेचला जातो.

पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद करून घाट उतरू नका. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि धरेनासे होतात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडी रोखून धरतं. चढून येणाऱ्या वाहनाला आधी जाऊ द्या. धुकं लागलं तर अप्पर लावू नका, समोर नुसती पांढरी भिंत उभी राहते. डिपरवर हळू चला. अगदीच दिसेना झालं तर रस्ता पूर्ण सोडून थांबा, वळणावर मात्र कधीच नाही.

परतीचंही बघा. कुंभार्ली चढून कराडकडे जाताना अंधार पडला, तर घाट संपला म्हणून हात सैल सोडू नका. हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात, आणि मागे लाल दिवा किंवा रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही.

आंबेनळीपुरतं सांगायचं तर महाबळेश्वरात नाश्ता करा, दहा-साडेदहाला निघा. पोलादपूर 40 किलोमीटरच्या आसपास आहे, जेवणाच्या वेळेला आरामात पोचाल. त्याच दिवशी परत वर यायचं असेल तर तिथून तीनच्या आत निघा.