खेपेचा भाव आणि भिंतीचं माप

राडारोडा म्हणजे कचरा, आणि कचरा उचलायला भाव तो कसला? मनमाडमधल्या एका जाणत्या गृहस्थांचं हे म्हणणं सध्या बरंच तोंडोतोंडी झालं आहे. त्यांचा मुद्दा असा : जुनं घर पाडलं की ट्रॅक्टरवाला एका खेपेला आज एक आकडा सांगतो, उद्या दुसरा, पलीकडच्या गल्लीत तीच ट्रॉली, तोच ड्रायव्हर, पण भाव दीडपट. माल टाकायचा गावाबाहेर दोन-चार किलोमीटरवर. डिझेलचे डेपो पानेवाडीला, गावाच्या उशाशी. मग ही लूट नाही तर काय? नगरपरिषदेने खेपेला एकच दर बांधून द्यावा आणि जास्त मागेल त्याची ट्रॉली अडकवावी. एवढ्या चार वाक्यांत त्यांनी प्रश्न निकालात काढला आहे.

हे ऐकणाऱ्याला पटतं, कारण घर बांधायला काढलेला माणूस त्या वेळी पैशाने आणि मनाने टेकीला आलेला असतो. पण हे म्हणणं मुळातून चुकीचं आहे, आणि त्याप्रमाणे दर बांधले तर त्याची किंमत ट्रॅक्टरवाला मोजणार नाही, रामगुळणा आणि पांझण या नद्यांची पात्रं मोजतील.

पहिली गोष्ट : खेप हे माप नाही. माप ब्रास आहे. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास, म्हणजे 2.83 घनमीटर. 10 फूट लांब, 6 फूट रुंद ट्रॉलीत माल 20 इंच चढला की तो बरोबर एक ब्रास. फळ्या उंच केल्या तर सव्वा ब्रास, फाळका पडका असेल तर पाऊण. भाव ‘खेपेला’ ठरवायचा आणि ट्रॉलीला टेप लावायची नाही, हा व्यवहार किराणा दुकानात कोणी करेल का? तिथे पावशेर कमी भरलं तर माणूस काटा पुन्हा पाहतो. इथे मात्र हौद्याची उंची न बघता भावावरून भांडण.

आणि टेप लावली तरी एक घोटाळा उरतोच. या गृहस्थांची सगळी तक्रार तिथेच उभी आहे, म्हणून तिथे थांबायला हवं. त्यांनी स्वतःच्या घराची भिंत मोजली होती : 10 फूट लांब, 10 फूट उंच, एक फूट जाड. बरोबर एक ब्रास. मग ट्रॉल्या दीड का भरल्या? अर्धी ट्रॉली कुठून आली? इथून ते थेट फसवणुकीच्या निष्कर्षावर गेले. पण उभी भिंत आणि पडलेली भिंत या मापाच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. घडी घालून रचलेली गोधड्यांची चळत आणि त्याच गोधड्या विस्कटून टाकलेला ढीग यांनी सारखी जागा व्यापावी, अशी अपेक्षा घरातलं लहान पोरही करत नाही. भिंतीत वीट विटेला लागून बसलेली असते, मधली फट चुन्याने, मातीने किंवा सिमेंटने भरलेली असते. टिकाव लागला की विटा तुटतात, तुकडे एकमेकांवर आडवेतिडवे बसतात आणि मधे हवा राहते. बांधकामातला प्रत्येक अनुभवी माणूस पडक्या मालाचं माप उभ्या मापाच्या सव्वा ते दीडपट धरतो. खोदलेल्या मुरमाचंही तसंच. खड्डा एक ब्रासचा, ढीग सव्वा ब्रासचा. हा ट्रॅक्टरवाल्याचा डाव नव्हे, मालाचा धर्म आहे.

एवढं मान्य केलं तर पुढची पायरी येते, आणि तिच्याकडे या गृहस्थांनी पाहिलेलंच नाही : वजन. विटेची ती एक ब्रास भिंत साधारण साडेपाच टन भरते. तीच भिंत अनकाईकडच्या डोंगरातल्यासारख्या काळ्या दगडाची असेल तर सात टनांच्या घरात जाते. आणि स्लॅब? दहा बाय दहा फुटांच्या खोलीवरचा पाच इंची स्लॅब मापाला जेमतेम 42 घनफूट, म्हणजे अर्धा ब्राससुद्धा नाही. वजन मात्र तीन टन. ट्रॉलीत तो जेमतेम निम्म्यापर्यंत येतो, आणि मालक म्हणतो, ‘अजून निम्मी ट्रॉली रिकामी आहे, भरा की.’ भरली, तर आस वाकतो, टायर बसतात, चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, दारं, पत्रे, वाळक्या फळ्या यांनी हौदा शिगोशीग भरला तरी टन-दीड टन होत नाही. मग या दोन खेपांना एकच दर लावणं म्हणजे कोणत्या न्यायाने? हलका माल असणाऱ्याने जड माल असणाऱ्याचे पैसे भरायचे, एवढाच त्याचा अर्थ निघतो.

मोठी गाडी बोलावली की वजन थेट कायद्याला भिडतं. 2018 मध्ये केंद्राने ट्रकच्या एकूण वजनाच्या मर्यादा वाढवल्या. दोन आसांच्या गाडीला 18.5 टन, तीन आसांच्या दहाचाकी गाडीला 28.5 टन. गाडीचं स्वतःचं वजन वजा केलं की दहाचाकी हायवा डंपरात कायद्याने राडारोडा साडेचार-पाच ब्रासच्या पुढे बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा कायद्यातला दंड 20,000 रुपये, वर प्रत्येक जादा टनाला 2,000. तीन टन जास्त भरला तर 26,000. ‘एका खेपेत सगळं उचल’ असा आग्रह धरणारा मालक चौकात गाडी अडवली की तिथे नसतो. हा धोका भाड्यात येणारच.

मजुरी. रोजगार हमीचा 2025-26 चा महाराष्ट्रातला दर 312 रुपये होता. त्या पैशात दिवसभर घमेली उचलणारा माणूस गावात उभा राहत नाही.

डिझेलच्या मुद्द्याला एक ओळ पुरे : मुंबईहून पाइपलाइनने मनमाडला येणारं इंधन पानेवाडीहून टँकरने दूरदूर जातं, पण पंपावरचा भाव मुख्यतः कर आणि कंपनीचा दर ठरवतात, डेपो शेजारी आहे म्हणून लिटर फारसं स्वस्त मिळत नाही.

गल्लीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण ‘पलीकडच्या गल्लीत दीडपट’ या तक्रारीचं उत्तर तिथे आहे. मनमाड रेल्वेने वाढवलेलं गाव. रुळांनी त्याचे तुकडे केलेत, आणि जुन्या वस्तीतल्या बोळांतून दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीला ओट्याला टेकावं लागतं. तिथे ट्रॉली तोंडाशी थांबते. पडक्या भिंतीपासून ट्रॉलीपर्यंत दीडशे पावलं असतील तर प्रत्येक घमेलं दीडशे पावलं जातं आणि मजूर रिकामा दीडशे पावलं परत येतो. एका ब्रासला अशी काही शे घमेली लागतात. चार माणसं जिथे तासाभरात ट्रॉली भरतात, तिथे अर्धा दिवस जातो. काही ठिकाणी गोण्या लादलेली गाढवंच कामी येतात. रस्त्याला लागून असलेल्या घराला जेसीबीचं बकेट पाच मिनिटांत ट्रॉली भरून देतं. दोन्हीकडे ट्रॉली तीच, ड्रायव्हर तोच; दिवस मात्र एकीकडे पाच खेपांचा, दुसरीकडे दोन खेपांचा. त्यात रुळांपलीकडे जायचं असेल तर पुलाची गोष्ट निघते. 2023 च्या नोव्हेंबरअखेर पुणे-इंदूर महामार्गावरच्या गावातल्या रेल्वे उड्डाणपुलाचा कठड्याकडचा भाग ढासळला आणि वाहतूक वळवावी लागली. तेव्हा नकाशावरचं अंतर तेवढंच राहिलं, गाडीचं अंतर वाढलं.

पावसाळ्याचंही तसंच. काळ्या रानात ट्रॉली रिकामी करायला नेली आणि चाक रुतलं, की दुसरा ट्रॅक्टर आणून ओढावी लागते.

हा वाद गावाला नवा नाही. वाघदर्डी धरण तळाला गेलं आणि नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी आलं नाही, की टँकरच्या भावावर हेच बोलणं व्हायचं. तेव्हाही काहीजण ‘टँकरला एकच दर’ म्हणायचे आणि टँकर किती लिटरचा, विहीर किती लांब, पाणी तिसऱ्या मजल्यावरच्या टाकीत चढवायचं की खालच्या हौदात सोडायचं, हे विचारायचं राहून जायचं. ज्याला माप विचारायचं नसतं तो दराला धरतो.

आता सगळ्यात मोठा खर्च, जो कोणाच्याच बोलण्यात येत नाही : टाकायची जागा. दुसरीकडे हा हिशेब आधीच उघड मांडलेला असतो. अमेरिकेत ज्याला डम्पस्टर म्हणतात तो भाड्याचा लोखंडी हौदा टेनेसीतल्या नॉक्सव्हिल गावच्या जॉर्ज डेम्पस्टर यांनी 1930 च्या दशकात आणला. नावही त्यांच्या आडनावावरूनच पडलं. तिथे भाडं सांगतानाच हौदा किती घनयार्डाचा आणि त्यात किती टन माल धरला आहे ते सांगतात. पुढच्या प्रत्येक टनाचे पैसे वेगळे. दहा घनयार्डांचा छोटा हौदा म्हणजे आपला 2.7 ब्रास. ब्रिटनने 1996 मध्ये भराव-कर लावला तोच दोन दरांनी. एप्रिल 2025 पासूनच्या वर्षात मिश्र कचऱ्याला टनामागे 126.15 पौंड, आणि निव्वळ माती-विटा-दगडाला 4.05 पौंड पडत होते. तीसपटीचा हा फरक माल वेगळा काढण्याचा होता. मुंबई महापालिकेच्या ‘डेब्रिस ऑन कॉल’ सेवेतही हिशेब वजनाचा : 500 किलोपर्यंत मोफत, पुढे टनावर.

मनमाडला टाकायला ठरलेली जागाच नसेल, तर ट्रॅक्टरवाला ती शोधतो. कोणाचं शेत, कोणाचा खड्डा, आणि काहीच नाही मिळालं तर नदीचं पात्र. दर दाबून बांधला, तर पहिली कात्री अंतराला लागेल. चार किलोमीटरची खेप एका किलोमीटरवर संपेल, तीही अंधारात. मग रामगुळणेला पूर आला की पाणी वस्तीत शिरेल, आणि हेच गृहस्थ नालेसफाईवर बोलायला उभे राहतील. 2016 च्या बांधकाम व पाडकाम कचरा नियमांनी राडारोडा रस्त्यात किंवा गटारात न टाकण्याची जबाबदारी मालकावर टाकली, आणि तो गोळा करण्याची, टाकण्याची सोय करण्याची जबाबदारी नगरपरिषदेवर. दोघांपैकी कोणाचंही नाव न घेता मधल्या ट्रॅक्टरवाल्याला धरणं सोपं आहे, एवढंच.

मग करायचं काय? दर जाहीर करायला विरोध नाही. तो ब्रासवर करावा, अंतराच्या टप्प्याने करावा, आणि दगड-स्लॅब, वीट-माती व हलका माल असे वेगळे आकडे लावावेत. गाडी भरण्याची मजुरी भाड्यात न घालता वेगळी सांगावी. ट्रॉलीच्या फाळक्यावर तिचं माप रंगवलेलं असावं. रुळांच्या दोन्ही बाजूंना टाकायची एकेक जागा असावी.

आणि मालकाने घर पाडतानाच माल वेगळा काढावा. सागवानी तुळया, चौकटी आणि स्लॅबमधली सळई यांना गिऱ्हाईक आहे. त्यांच्या बदल्यात पाडकामवाला मजुरी कमी करतो. पांढऱ्या मातीच्या जुन्या भिंतींची माती शेतकरी रानात टाकायला घेऊन जातात. विटांचे तुकडे आणि दगड सोलिंगला आणि भरावाला चालतात, आणि मुरमाला ब्रासमागे 600 रुपये रॉयल्टी असताना तो भराव फुकट मिळणं कमी नाही. मनमाडच्या काळ्या जमिनीवर नवं घर बांधणारा प्रत्येकजण जोत्यासाठी भर शोधत असतो. दोन गल्ल्या सोडून दुसरा कोणी तीच भर फेकायला पैसे देत असतो. त्या दोघांची गाठ ट्रॅक्टरवाला आजही घालून देतो, एकाकडून नेण्याचे आणि दुसऱ्याकडून आणण्याचे पैसे घेतो. अशी गाठ पडली की दोन्ही मालकांचं भाडं खाली आणता येतं, पण त्यासाठी आधी ट्रॉलीला टेप लावावी लागेल.