स्मृतिभ्रंश : औषधांइतकीच संशोधकांचीही निकड

भिलाई : देशातील साठीपुढील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख नागरिकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी अभ्यासाने वर्तवला. अमेरिकेत मान्यता मिळालेली लेकानेमॅब व डोनानेमॅब ही नवी औषधे अल्झायमर केवळ मंदावतात, तेही प्रारंभिक अवस्थेतच. त्यामुळे लवकर निदान कळीचे ठरते. त्यासाठी त्याच व्यक्तींचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारे संशोधन आवश्यक असते. कर्नाटकातील श्रीनिवासपुरा येथे ते सुरू आहे.

पोलाद कारखान्याचे सेक्टर ९ रुग्णालय आणि २०१६ मध्ये स्थापन झालेली आयआयटी असलेल्या भिलाईतही तशी क्षमता आहे. मात्र अल्पमुदतीच्या शिष्यवृत्तीवर दीर्घकालीन अभ्यास तग धरत नाहीत. तरुण संशोधकांना स्थिर पदे देणे, ही त्याची पहिली अट आहे.