चूक ड्युटी चार्टची, शिक्षा पोरांना



नाताळ जवळ आला की गोव्यातली हॉटेलं भरतात आणि चोर्ला घाट उतरून तिथं कामाला गेलेल्या आपल्या बेळगाव-खानापूरच्या पोरापोरींच्या सुट्या रद्द होतात. मालक म्हणतात, ‘सीझन आहे, चालायचंच.’ घरचेही तेच म्हणतात. गोव्यात हाउसकीपिंगमध्ये २२ वर्षं काढल्यावर मला वाटतं, हे ‘चालायचंच’ आता बंद व्हावं. यात माणसाचं नुकसान आहेच, हॉटेलचंही आहे.

साधा हिशेब करू. रेस्टॉरंटमध्ये ‘ब्रेक शिफ्ट’ लावतात. सकाळी ६.३० ते १०.३० नाश्ता, मग संध्याकाळी ७ ते ११ जेवण. कागदावर ड्युटी आठ तासांची, पण दिवस बांधला गेला साडेसोळा तास. दुपारी घरी जाता येत नाही आणि स्टाफ रूमच्या गर्दीत झोप लागत नाही. हाउसकीपिंगचं तसंच. जेवणाचा अर्धा तास सोडला तर शिफ्टमध्ये ४५० मिनिटं उरतात. १५ खोल्या दिल्या तर खोलीमागे ३० मिनिटं. पाहुणा सोडून गेलेली खोली तेवढ्यात नीट होत नाही, आणि १ जानेवारीला तर बहुतेक खोल्या तशाच असतात. मग टॉवेल राहतो, बाथरूममध्ये केस राहतो. पाहुणा तक्रार करतो आणि मेमो त्या पोरीला मिळतो. ड्युटी चार्ट करणाऱ्याला कोणी विचारत नाही.

त्यात भर म्हणजे कायम हसत राहायचं. पाहुणा ओरडला तरी ‘सॉरी सर’ म्हणायचं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी एअर होस्टेसच्या कामाचा अभ्यास करून १९८३ साली याला ‘भावनिक श्रम’ म्हटलं. हमालाची पाठ दुखते तसं मनही दमतं, पण मस्टरवर त्याची नोंद होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ची लक्षणं सांगितली: शक्ती संपणं, कामाबद्दल मन उडणं आणि कामाचा दर्जा घसरणं. म्हणजे ज्याला आपण आळस किंवा उद्धटपणा म्हणतो, तो पुष्कळदा साठलेला ताणच असतो.

मालकांचं म्हणणं असं, की कमाईचे दिवस थोडे, जादा माणसं परवडत नाहीत. पण शिकवून तयार केलेला मुलगा सीझनच्या मध्यावर सोडून गेला तर ते परवडतं का? नव्याला शिकवायचं कोणी? उरलेल्या दमलेल्यांनीच ना! उपाय फार खर्चाचे नाहीत. ड्युटी चार्ट आठवडाभर आधी लावावा. सीझनमध्येही साप्ताहिक सुटी मोडू नये. ब्रेक शिफ्ट एकाच माणसावर रोज नको. चेकआउटची खोली दीड खोली धरावी. पाहुण्यांसमोर कोणाला झापू नये.

आणि सण वाटून घ्यावेत. आमच्या वेळी चतुर्थी-दिवाळीला आम्ही ख्रिस्ती लोक ड्युटी घ्यायचो आणि नाताळच्या रात्री हिंदू, मुसलमान सोबती आमची ड्युटी सांभाळायचे. मध्यरात्रीची मिस्सा आम्हाला मिळाली ती त्यांच्यामुळे. हे तेव्हा आपसात चालायचं; आता व्यवस्थापनानं ते चार्टमध्येच लिहावं.

शेजाऱ्यांनाही विनंती. गोव्याला फिरायला जाल तेव्हा रात्री अकरा वाजता टेबल पुसणाऱ्याशी दोन शब्द बरे बोला. आणि आई-बाबांनो, पोराचा फोन आला की पगार झाला का एवढंच विचारू नका. शेवटची सुटी कधी मिळाली, तेही विचारा.

आपला,
एक निवृत्त हॉटेल कर्मचारी, कॅम्प, बेळगाव