पाळणा मध्येच थांबला तर?



या आठवड्याच्या टपालात आठवीतल्या एका मैत्रिणीचं पत्र आलंय. सुट्टीत ती मामाकडे गेली होती. एक दिवस सगळे मिळून रोपवेने डोंगरावर निघाले. निम्मी वाट झाली आणि पाळणा गचकन थांबला! खाली दरी, वर आभाळ, मधे हे सहाजण. मामेभावाला चेव आला. त्याने पाळणा झोपाळ्यासारखा हलवायला सुरुवात केली. ही रडायला लागली. पाच-सात मिनिटांनी पाळणा पुन्हा चालू झाला, पण ‘रडूबाई’ हे नाव मात्र सुट्टीभर चिकटलं ते चिकटलंच. ती विचारते, “काका, पाळणा थांबला म्हणजे बिघडलाच ना? मग मी घाबरले यात माझं काय चुकलं?”

प्रश्न फार छान आहे. उत्तर देण्याआधी एक काम करा. गॅलरीत जा आणि वाळत घातलेल्या कपड्यांचा एक चिमटा घेऊन या. आणलात? आता तो बोटाला लावा. धरून ठेवायला तुम्हाला काही जोर करावा लागतोय का? मुळीच नाही. स्प्रिंगच धरून ठेवते. जोर लागतो तो चिमटा उघडायला. ही गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, कारण आजचं सगळं गुपित या चिमट्यात आहे.

आता चला अमेरिकेत, फ्लोरिडाला. तिथे वॉल्ट डिस्ने वर्ल्ड नावाचं भलंमोठं करमणुकीचं नगर आहे. एका बागेतून दुसऱ्या बागेत, हॉटेलातून बागेत माणसं नेण्यासाठी तिथे बसगाड्या आहेत, होड्या आहेत, एका रुळावरून धावणारी मोनोरेल आहे. २९ सप्टेंबर २०१९ रोजी त्यात आणखी एक भर पडली, ती म्हणजे ‘स्कायलायनर’ नावाचा आकाशपाळणा. तारांचा एक लांबच लांब दोर, दोन्ही टोकांना प्रचंड चाकं, आणि दोराला लटकलेले डबे. एका डब्यात दहाजण बसू शकतात. वेग ताशी सुमारे १८ किलोमीटर, म्हणजे सायकल जोरात मारली तर तुम्हीही गाठाल एवढाच.

पण गंमत बघा. दोर तर सारखा पळत असतो. मग डबा स्थानकात आल्यावर माणसं चढतात-उतरतात कशी? तर डब्याच्या डोक्यावर एक दणकट पकड असते. आपला चिमटाच तो, फक्त पोलादी! डबा स्थानकात शिरला, की एक दांडा दाबला जाऊन पकड उघडते आणि डबा दोरापासून सुटतो. मग रबरी चाकांच्या रांगेवरून तो मुंगीच्या पावलाने सरकतो, दारं उघडतात, माणसं चढतात-उतरतात. पुढे तो पुन्हा वेग घेतो आणि दोराच्या वेगाशी वेग जुळला, की पकड मिटते. खटक! डबा निघाला.

म्हणजे हवेत असताना पकड मिटलेलीच राहते, तीही स्प्रिंगच्या जोरावर. वीज गेली तरी ती उघडत नाही. उघडायला वेगळा जोर लागतो आणि तो फक्त स्थानकातच मिळतो. आला ना चिमटा लक्षात?

आता ब्रेककडे वळू. सायकलचा ब्रेक आपण दाबला तरच लागतो, सोडला की सुटतो. पाळण्याचं याच्या अगदी उलट असतं. त्या प्रचंड चाकाला ब्रेक दाबून धरतात त्या स्प्रिंगा. तेलाच्या दाबाने त्या मागे रेटून ठेवल्या, तरच चाक फिरू शकतं. वीज गेली, नळी फुटली, नाहीतर कुणी लाल बटण दाबलं, की तेलाचा दाब उतरतो, स्प्रिंगा मोकळ्या होतात आणि ब्रेक आपोआप लागतो. काहीही बिघडलं तरी यंत्राने थांबण्याच्याच बाजूला पडायचं, अशी ही रचना. आगगाडीचंही असंच असतं. डबे तुटून वेगळे झाले, तर ब्रेकची नळी तुटते आणि दोन्ही तुकड्यांना ब्रेक लागतो.

याशिवाय वाटेवर पहारेकरीही असतात. प्रत्येक खांबावरच्या चाकांपाशी एक खटका असतो. दोर चाकावरून घसरला तर खटका तुटतो. पकड नीट मिटली नाही, तर स्थानकातून बाहेर पडायच्या आतच ते कळतं. वारा जोराचा झाला, तर वारामापक सांगतो. हे सगळे खटके एका माळेत गुंफलेले असतात. दिवाळीच्या जुन्या माळेतला एक दिवा गेला, की अख्खी माळ विझायची ना? तसंच इथे होतं. एक खटका बोलला की सगळी रांग थांबते.

म्हणजे पाळणा थांबतो तेव्हा बहुतेक वेळा कुणीतरी पहारेकऱ्याने ‘थांबा, आधी बघू द्या’ म्हटलेलं असतं.

पण थांबणं काही सुखाचं नसतं. स्कायलायनर सुरू होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हाची गोष्ट. ५ ऑक्टोबर २०१९ च्या संध्याकाळी एका स्थानकात डबे एकमेकांना येऊन भिडले आणि ती रांग जागच्या जागी थांबली. लोक हवेत लटकले ते तीन तासांहून जास्त! बस बंद पडली तर खाली उतरून चालायला लागता येतं, इथे उतरणार कुठे? डब्यात वातानुकूलन नव्हतं, फक्त वारा यायला खिडक्या होत्या. अंधार पडला. अग्निशमन दलाच्या लोकांनी येऊन काही जणांना खाली आणलं. लोक वैतागले, चिडले. पण कुणाचाही जीव गेला नाही. कंपनीने पाळणा नऊ दिवस बंद ठेवला आणि १४ ऑक्टोबरला पुन्हा चालू केला.

आता दुसरी गोष्ट. ही मात्र दुःखाची आहे, पण ती सांगितल्याशिवाय तुमच्या मैत्रिणीला उत्तर मिळणार नाही.

इटलीत माजोरे नावाचं सुंदर सरोवर आहे. त्याच्या काठावरच्या स्ट्रेसा गावातून मोत्तारोने डोंगरावर रोपवे जात असे. हा जरा निराळ्या जातीचा. यात दोर दोन प्रकारचे. एक जाड, न हलणारा. त्यावरून डबा रुळावरून जावा तसा सरकतो. दुसरा ओढणारा. ओढणारा दोर तुटलाच, तर डब्यावरचा ब्रेक जाड दोराला चिमट्यासारखा धरतो आणि डबा जागेवर राहतो. योजना अगदी चोख.

पण काही दिवस हा ब्रेक उगीचच लागायचा. दोर शाबूत, तरी ब्रेक लागून डबा मधेच थांबायचा. खरं तर रोपवे बंद ठेवून दोष शोधायला हवा होता. ते न करता ब्रेकच्या जबड्यात लोखंडी बेडी अडकवून ठेवली, म्हणजे तो मिटायलाच नको! हातातला चिमटा उघडा आणि त्यात आगकाडी अडकवा. अगदी तसंच.

२३ मे २०२१. रविवार. डबा माथ्याच्या अगदी जवळ पोचला होता, आणि ओढणारा दोर तुटला. ब्रेक लागलाच नाही. डबा उलटा वेगाने मागे धावला आणि खाली कोसळला. पंधरा माणसं होती, त्यांतली चौदा गेली. पाच वर्षांचा एक मुलगा तेवढा वाचला.

दोर तुटला, पण माणसं गेली ती तेवढ्यामुळे नाही. तो तुटणार त्या क्षणासाठी ठेवलेला पहारेकरी आधीच बांधून घातला होता, म्हणून गेली. का, तर तो सारखा थांबवतो आणि खोळंबा करतो!

मग सांगा बरं, कोणता पाळणा चांगला? तीन तास थांबून सगळ्यांना चिडवणारा, की कध्धीच न थांबणारा?

आता तिसरी गोष्ट, आपल्या देशातली. ऑक्टोबर १९९२ मध्ये हिमाचल प्रदेशात परवाणूजवळ एका रोपवेचा ओढणारा दोर तुटला. डबा मागे घसरत दरीच्या मधोमध येऊन थांबला. घाबरून डब्यातल्या सेवकाने बाहेर उडी घेतली आणि तो दगावला. आत बसून राहिलेले दहाही प्रवासी वाचले! हवाईदलाचं हेलिकॉप्टर आलं. लष्कराचे मेजर इव्हान क्रॅस्टो दोरावरून डब्याच्या छतावर उतरले आणि एकेकाला वर पाठवू लागले. अंधार पडल्यावर काम थांबवावं लागलं, तेव्हा ते स्वतः परत गेले नाहीत. उरलेल्या प्रवाशांना धीर देत रात्रभर त्याच लटकत्या डब्यात बसले. दुसऱ्या दिवशी सगळे सुखरूप. त्या हेलिकॉप्टरचे वैमानिक होते फली मेजर. पुढे २००७ मध्ये ते आपल्या हवाईदलाचे प्रमुख झाले.

तेव्हा पाळणा मध्येच थांबला, तर एवढं करा. जागेवर बसून राहा. दाराला हात लावू नका. बाहेर वाकू नका. पाळणा हलवू नका. हेलकावा घेत तो खांबावर आदळू शकतो, शिवाय वाट मोकळी आहे की नाही हे पाहणाऱ्यांचं काम त्याने वाढतं. सूचना ऐका. पाणी जपून प्या. बरोबर लहान मूल असेल तर त्याला गोष्ट सांगा. मुख्य मोटर बंद पडली, तरी दुसरं इंजिन लावून सावकाश सगळे डबे स्थानकात आणण्याची सोय असते. तेही जमलं नाही, तर शिकवून तयार केलेली माणसं दोरांनी उतरवतात. त्याला वेळ लागतो. लागू द्यावा.

आणि चढण्यापूर्वीसुद्धा डोळे उघडे ठेवा. डब्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा जास्त माणसं कोंबत असतील, दार नीट लागत नसेल, किंवा वादळवारा सुटला असूनही पाळणा चालूच असेल, तर ‘आम्ही पुढच्या वेळी येऊ’ असं म्हणायला लाजू नका. आणि वाऱ्यामुळे रोपवे बंद आहे असं कुणी सांगितलं, तर बाबांना म्हणा, त्या माणसाशी भांडू नका. तो आपलं काम चोख करतोय.

आता आपल्या मैत्रिणीला उत्तर. बाळ, घाबरलीस यात काहीच चुकलं नाही. चुकलं एवढंच, की भीती चुकीच्या गोष्टीची वाटली. पाळणा थांबला, ते त्याचं शहाणपण होतं. भ्यायचंच तर मामेभावाच्या झोक्यांना भ्यायला हवं होतं! हे पान त्याला वाचायला दे. मात्र त्याला नवं नाव ठेवू नकोस हं.

जाता जाता एक काम. घरात, शाळेत, रस्त्यावर असे ‘आपोआप थांबवणारे’ पहारेकरी शोधा. कुकरच्या झाकणावर एक आहे, विजेच्या मीटरजवळ एक आहे. आणखी कुठे कुठे दिसतात? आणि कुणी त्यांच्या जबड्यात आगकाडी अडकवून तर ठेवलेली नाही ना? पोस्टकार्डावर लिहून कळवा.

तुमचा,
विज्ञानकाका