मागे बसलेल्या मित्राचे काय?

बेंगळुरूच्या बसवनगुडीत सायंकाळी गांधी बाजारातून ट्रिपल सीट सुटलेली पोरे पाहावीत: हँडल एकाच्या हाती, वेग ठरवणारे मात्र मागचे दोघे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गार्डनर व स्टाइनबर्ग यांनी 2005 मध्ये प्रयोगाने हेच दाखवले. संगणकावरील मोटारीच्या खेळात मित्रांसमवेत खेळणाऱ्या किशोरांनी एकट्याने खेळणाऱ्यांहून कितीतरी अधिक जोखीम पत्करली. प्रौढांत हा फरक फारसा दिसला नाही.

आपल्या कायद्याला हा मित्र दिसतच नाही. 2019 च्या दुरुस्तीतील कलम 199अ अल्पवयीनाच्या गुन्ह्याबद्दल पालकाला वा वाहनमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड सुनावते. ते रास्तच. परंतु अठराव्या वर्षी परवाना हाती पडताच तोच मुलगा चार मित्र भरून मध्यरात्री मोटार काढू शकतो. कॅलिफोर्नियात अठरा वर्षांखालील नवशिक्या चालकाला, शेजारी प्रौढ परवानाधारक नसल्यास, पहिले वर्षभर विशीच्या आतील प्रवासी नेता येत नाहीत.

आपल्याकडे परवान्याच्या पहिल्या वर्षी निदान रात्री दहानंतर असे बंधन घालावे. घरच्या माणसांना सूट असावी. अंमलबजावणी अवघड आहे, हे मान्य. हेल्मेटसक्तीबद्दलही हेच म्हटले जात होते. शिवाय अशा नियमाचा खरा उपयोग पोलिसांहून त्या मुलालाच होईल: ‘भीती वाटते’ असे मित्रांना सांगणे त्याला जमत नाही, ‘परवाना जाईल’ हे सांगता येते.